एकक आधी

महापेच्या एमआयडीसीत, बिनखिडक्यांच्या एका इमारतीत
बँकेचं मोठं मशीन आहे.
अकरा वर्षांत मी ते दोनदा पाहिलं,
दोन्ही वेळा काचेतून,
दोन्ही वेळा चपला बाहेर काढून.

दिवसा मी त्याच्या हिशेबांवर पोट भरते.
रात्री कोपरखैरणेत, सेक्टर पंधराच्या माडीवर,
त्याच जातीच्या मशीनसाठी फुकटचं लिनक्स बांधते,
आणि माझ्याकडे मशीन नाही.

आहे एक लॅपटॉप. तो मेनफ्रेमचं सोंग घेतो,
गणेशोत्सवातल्या हौशी राजासारखा:
मिशी सुटते, तरी तलवार उपसतो.
एक कंपायलर बांधायला एकतीस तास.
अठ्ठाविसाव्या तासाला महावितरणने वीज नेली.
बॅटरी त्याच्याही आधी गेलेली.

तुर्भ्याच्या भंगारात खरं मशीन किलोने निघालं होतं.
मी सोसायटीत सहज विचारून पाहिलं.
घरतांनी चष्मा काढला.
"वजन किती म्हणालात? टन?
आणि थ्री-फेज? तिसऱ्या मजल्यावर?
मॅडम, तुमचं गिझरचं पत्र अजून पेंडिंग आहे."

आम्ही चौघे आहोत या कामात.
एक कोईमतूरचा, एक पोलंडमधली,
चौथा फक्त 'कासव' अशी सही करतो
आणि रविवारी दुपारी उगवतो.
ऐंशी चाचण्या पडतात.
बाकी सगळ्या यंत्रांवर हिरव्या,
आमच्याकडे तेवढ्या लाल.

वासंती केणींकडे गेले, वाशीला.
पंचवीस वर्षं त्यांनी बँकेत टेपा चढवल्या,
आता गुडघ्याला पट्टा.
म्हटलं, बाई, इन्स्टॉलर अजून कार्डं मागतो.
अख्खा कर्नल ऐंशी-ऐंशी अक्षरांत कापून
नसलेल्या कार्ड-रीडरमध्ये ठेवावा लागतो.
त्या इतक्या हसल्या की पट्टा सैल करावा लागला.
"आम्ही गठ्ठ्याच्या कडेवर तिरकी रेघ मारायचो,
हातातून पडला तर ओळ लागावी म्हणून.
तुझ्या गठ्ठ्यावर रेघ आहे का गं?"

नव्हती.

मग त्यांनी एक नंबर दिला,
कुणा जुन्या सहकाऱ्याचा, ज्याच्या कॉलेजात
मशीनचा एक कोपरा रिकामा असतो म्हणे.
"शेवटचे दोन लिही, बत्तीस."
पेन आधी दोनावर उतरलं.
मग डावीकडे जागा शोधून
तीन कोंबला.

तो तीन मी घरी येईपर्यंत बघत होते.
आपण बोलतो एकक आधी,
लिहितो दशक आधी,
आणि मधल्या उडीचा कुणाला पत्ता नसतो.
बाकीची यंत्रं आकडा बोलल्यासारखा ठेवतात,
हे एक लिहिल्यासारखा.
ज्याने तो कोड लिहिला, त्याने धरून चाललं होतं
की जगात सगळे बोलतातच,
लिहीत कोणी नाही.

दोन ओळींची दुरुस्ती. पाठवली.
त्याचं उत्तर आलं, सभ्य होतं:
"हे मशीन वापरतं कोण?"

बँक वापरते, असं लिहिलं. खोडलं.
बँकेला शिक्का लागतो,
रात्री दोनला फोन उचलणारा माणूस लागतो.
आमच्याकडे शिक्का नाही.
माणूस आहे; रात्री दोनला जागीच असते ती.
पण तिला कोणी फोन करत नाही.
हेही खोडलं.
शेवटी लिहिलं, "मी."
मग वाटलं, हे तरी खरं आहे का?
काचेतून बघणं म्हणजे वापरणं नव्हे.
तोवर बटण दाबून झालं होतं.

कॉलेजवाल्याने फोन उचललेला नाही अजून.
सोंगाड्या लॅपटॉपनेच पहाटे पावणेचारला
ती चाचणी हिरवी केली, पंख्याचा घर्र आवाज करत.
वहीच्या मिटल्या पानांच्या कडेवर
मी मार्करने एक तिरकी रेघ ओढली.

राहिल्या एकोणऐंशी.
शब्द तोंडात घोळवून बघा:
ऐंशी होत्या,
एक गेली.